कोऱ्या कागदावरचा प्रकाश : आबालाल रहिमान

वाईच्या घाटावर, कऱ्हाडच्या प्रीतिसंगमावर किंवा सांगलीत कृष्णाकाठी सुट्टीच्या दिवशी जलरंगांची पेटी घेऊन बसलेली मुले आपण पाहतो. त्यांच्या या कलेचे एक थोर पूर्वसूरी शेजारच्या कोल्हापुरात होऊन गेले. त्यांचे नाव आबालाल रहिमान.

मुंबईच्या सर जे. जे. कलाशाळेत त्यांनी शिक्षण घेतले. १८८८ साली त्यांना व्हाइसरॉय पदक मिळाले. एवढ्या कीर्तीनंतर मुंबईत अर्थार्जन अवघड नव्हते. तरीही ते कोल्हापुरास परतले. राजर्षी शाहू महाराजांनी त्यांना राजाश्रय दिला. मात्र त्यांचे मन दरबारापेक्षा रंकाळा, संध्यामठ आणि कोटितीर्थाच्या परिसरात रमले. तेच पाणी, तीच झाडे त्यांनी वेगवेगळ्या प्रहरी न्याहाळली. एकाच वस्तूला अनेक बाजू असतात, हे अनेकान्ताचे तत्त्व आपण प्रवचनात ऐकतो. ते येथे डोळ्यांना दिसते.

पारदर्शक जलरंगात पांढरा रंग सहसा वापरीत नाहीत. पाण्यावरचे ऊन दाखवायचे, तर तेवढा कागद कोराच ठेवावा लागतो. सर्वत्र रंग भरण्याचा मोह आवरला, तरच चित्रात प्रकाश उरतो. दशलक्षण पर्वात उत्तम त्याग आणि उत्तम आकिंचन्य यांचे चिंतन करणाऱ्या श्रावकाला हा संयम परका वाटू नये.

आबालाल यांचे राहणे फकिरासारखे होते. १९२२ साली शाहू महाराजांचे निधन झाले. त्या दुःखात त्यांनी आपली असंख्य चित्रे पाण्यात सोडली, असे सांगतात. १९३१ साली ते निवर्तले. आज त्यांची मोजकीच चित्रे उरली आहेत. त्यांतील काही कोल्हापूरच्या टाऊन हॉल संग्रहालयात पाहावयास मिळतात.

कलावंताने संग्रह केला नाही, हे त्याचे वैराग्य होय. समाजाने जतन केले नाही, तर त्याला मात्र वैराग्य म्हणता येणार नाही, ती अनास्थाच. प्राचीन हस्तलिखिते शास्त्रभांडारांत शतकानुशतके जपणाऱ्या आपल्या समाजाला हे वेगळे सांगावयास नको. पंचगंगा नृसिंहवाडीस कृष्णेला मिळते. तेव्हा हा वारसा सातारा-सांगलीकरांचाही आहे. घरातील मूल रंगपेटी घेऊन नदीकाठी निघाले, तर 'यातून मिळणार काय?' असे विचारण्याआधी त्याला एकदा ही चित्रे दाखवून आणावीत.