कीड-रोगाचा जवळून फोटो घेताना प्रकाश कसा निवडाल?

पिकावर कीड किंवा रोग दिसताच मोबाइलवर फोटो घेऊन तो कृषि विज्ञान केंद्रातील तज्ज्ञाकडे पाठविण्याची पद्धत आता रूढ झाली आहे. त्यामुळे वेळ व हेलपाटे वाचतात. परंतु अशा फोटोवरून निदान करताना पुष्कळदा अडचण येते ती कॅमेऱ्याची नव्हे, तर प्रकाशाची.

मिरचीचे उदाहरण घ्या. फुलकिड्यांमुळे पानाच्या कडा वरच्या बाजूस वळतात, तर कोळी पडल्यास त्या खालच्या बाजूस वळतात. कोळी हा कीटक नसल्याने अनेक कीटकनाशकांचा त्यावर परिणाम होत नाही. उलट कोळ्यांना खाणारे मित्रकीटक मरतात व प्रादुर्भाव वाढतो. भर उन्हात घेतलेल्या फोटोत पान चकाकते, काळी सावली पडते आणि कडा कोणत्या बाजूस वळल्या आहेत तेच कळत नाही. अशा एका फोटोपायी एक फवारणी वाया जाऊ शकते.

कडक प्रकाश व मऊ प्रकाश

कॅमेरा पानाच्या अगदी जवळ नेला की त्याची व आपली सावली पानावर पडते. प्रकाश कमी पडला की कॅमेरा फोटो घेण्यास जास्त वेळ लावतो आणि तेवढ्यात वाऱ्याने पान हलून फोटो पुसट येतो. म्हणून प्रकाश भरपूर हवा, पण तो मऊ हवा. प्रकाश देणारी वस्तू जितकी मोठी दिसते, तितका प्रकाश मऊ असतो. सूर्य आपल्याला आकाशात लहानसा दिसतो, म्हणून ऊन कडक लागते व सावली धारदार पडते. ढगाळ दिवशी सारे आकाशच प्रकाश देते, म्हणून सावली जवळजवळ पडत नाही. स्वच्छ उन्हातही पान व सूर्य यांच्यामध्ये पांढरे उपरणे किंवा पातळ धोतर ताणून धरल्यास हाच फायदा मिळतो.

रंग पाहावयाचा असल्यास

अन्नद्रव्यांची कमतरता रंगावरून ओळखली जाते. नत्र कमी पडल्यास खालची जुनी पाने आधी पिवळी पडतात. लोह कमी पडल्यास शेंड्याकडील नवी पाने पिवळी पडतात, मात्र शिरा हिरव्या राहतात. असे फोटो वर सांगितल्याप्रमाणे कापडाखालील मऊ प्रकाशात घ्यावेत. सूर्य मावळताना प्रकाश तांबूस होतो व निरोगी पानही पिवळसर दिसते. हिरव्या शेडनेटखाली किंवा दाट झाडाखाली याउलट हिरवी झाक येते. पानाशेजारी कोऱ्या पांढऱ्या कागदाचा तुकडा ठेवावा. कागदाचा रंग पाहून तज्ज्ञाला पानाच्या खऱ्या रंगाचा अंदाज येतो.

पृष्ठभाग पाहावयाचा असल्यास

भुरीची पातळ पांढरी पावडर, कोळ्यांची जाळी, फुलकिड्यांनी खरवडलेला भाग या गोष्टी समोरच्या प्रकाशात लपतात. यासाठी प्रकाश एका बाजूने, पानाला जवळजवळ घासून जाईल असा तिरपा घ्यावा. त्यामुळे बारीक उंचवट्यांची सावली पडून ते उठून दिसतात. दुसऱ्या बाजूस पांढरा पुठ्ठा धरल्यास अंधारी बाजूही उजळते. द्राक्षावर भुरी आहे की केवडा, याची शंका असल्यास पानाच्या दोन्ही बाजूंचे फोटो घ्यावेत. केवड्याची पांढरी वाढ मुख्यत: पानाच्या खालच्या बाजूस दिसते.

आरपार पाहावयाचे असल्यास

डाळिंबावरील तेलकट डाग हा जिवाणूजन्य रोग आहे. पानावरील त्याचे सुरुवातीचे ठिपके पाणीदार असतात. पान उजळ आकाशाकडे धरून मागून येणाऱ्या प्रकाशात पाहिल्यास ते ओळखता येतात. हे ठिपके बुरशीचे समजून फवारणी केल्यास खर्च होतो आणि रोग पसरण्यास वेळ मिळतो. टोमॅटोवरील नागअळीची नागमोडी वाट व तिच्यातील अळीही अशाच प्रकाशात दिसते. कॅमेरा थेट सूर्याकडे मात्र रोखू नये. त्याच पानाचा समोरच्या मऊ प्रकाशातील दुसरा फोटोही द्यावा.

फ्लॅश व बॅटरी

मोबाइलचा फ्लॅश जवळच्या फोटोसाठी बंदच ठेवावा. तो भिंगाला लागून असल्याने मधला भाग पांढराफटक होतो व ओलसर अळी चकाकते. सन 2018 पासून आपल्या देशात आढळणाऱ्या मक्यावरील अमेरिकन लष्करी अळीची ओळख डोक्यावरील उलट्या वाय अक्षराच्या खुणेवरून व शेपटीकडील चौकोनात असलेल्या चार काळ्या ठिपक्यांवरून पटते. नेमक्या याच खुणा चकाकीत हरवतात.

प्रकाश कमी असल्यास वेगळी बॅटरी घेऊन तिच्या तोंडावर ट्रेसिंग पेपरची दुहेरी घडी लावावी व ती एका बाजूने धरावी. बॅटरीचे अंतर निम्मे केल्यास प्रकाश सुमारे चौपट होतो, म्हणून थोडे पुढे-मागे करून पाहावे.

ज्यांच्याकडे मोठा कॅमेरा आहे, त्यांनी सुटा फ्लॅश पांढऱ्या कागदातून बाजूने मारावा. त्याचा लखलखाट अगदी क्षणिक असल्याने हलते पानही स्पष्ट येते. भिंगाभोवती बसणारा रिंग फ्लॅश ठिपक्यांसाठी चांगला असला तरी त्यात पृष्ठभाग सपाट दिसतो आणि भुंगेऱ्याच्या पाठीवर प्रकाशाचे कडे उमटते.

फोटो पाठविण्यापूर्वी

1. एक फोटो संपूर्ण झाडाचा, एक फांदीचा व दोन-तीन जवळचे असे घ्यावेत.

2. पानाशेजारी मोजपट्टी ठेवावी, म्हणजे किडीचा आकार समजतो.

3. देठ हाताने स्थिर धरावा व आपली सावली पडू देऊ नये.

4. फोटो मोठा करून पाहावा. पुसट असल्यास पुन्हा घ्यावा.

5. पिकाचे वय, वाण व आधी केलेल्या फवारण्या कळवाव्यात.

फोटो हा नमुन्याला पर्याय नाही. मुळांवरील सूत्रकृमी, मर किंवा विषाणूजन्य रोगाची शंका असल्यास झाडाचा नमुना तपासणीसाठी न्यावाच लागतो. मात्र पानावर व फळावर दिसणाऱ्या खुणांसाठी एक पांढरे कापड, एक पुठ्ठा व एक बॅटरी एवढ्या साहित्यावर चांगला फोटो घेता येतो. औषधाच्या दुकानाची पायरी चढण्यापूर्वी ही पाच मिनिटे अवश्य द्यावीत.