हिमालयातले वाटेकरी

वाघ म्हटला की ताडोबातला बांबू आणि उन्हाळ्यातला पाणवठा डोळ्यांपुढे येतो. अरुणाचल प्रदेशातल्या दिबांग खोऱ्यात मात्र भारतीय वन्यजीव संस्थेच्या कॅमेऱ्यांनी वाघ टिपला तो ३,६३० मीटर उंचीवर, बर्फात. भूतानमध्ये तर चार हजार मीटरच्याही वर वाघाचं चित्रीकरण झालं आहे. तिथल्या जिग्मे दोरजी राष्ट्रीय उद्यानात वाघ, बिबट्या आणि हिमबिबट्या तिघेही नांदतात.

तिघांचं जमतं कसं? मुख्यतः उंची आणि भक्ष्य यांच्या वाटणीमुळे. वाघाला दाट झाडी हवी आणि सांबर, ताकिन यांच्यासारखं थोराड जनावर. बिबट्या भेकर, रानडुक्कर, माकड, कुत्रं, मिळेल त्यावर भागवतो. पण आडोसा त्यालाही लागतो. भूर्जवृक्षांची शेवटची रांग संपली की हिमबिबट्याचा मुलूख सुरू होतो. तिथं कडे, घळी, निसटती खडी आणि भरल नावाच्या राखाडी रानमेंढ्या. हिमबिबट्या म्हणजे जेमतेम चाळीस-पन्नास किलोचं जनावर. मीटरभर लांब जाडजूड शेपटी कड्यावर तोल सांभाळते आणि झोपताना तोंडावर पांघरताही येते. पंजे इतके रुंद आणि केसाळ, की भुसभुशीत बर्फात पाय रुतत नाहीत. वाघासारखी डरकाळी मात्र त्याला फोडता येत नाही, जरी जनुकांच्या नात्यानं वाघच त्याचा सर्वांत जवळचा भाऊबंद.

पुढे झुकलेल्या खडकाच्या पोटाशी हिमबिबट्या मूत्र फवारून खूण ठेवतो. एकाच खडकाचा वास घ्यायला अनेक जण येतात. संशोधक कॅमेरा अशाच जागी बांधतात आणि अंगावरच्या ठिपक्यांच्या रचनेवरून एकेक जनावर ओळखतात. २०१९ ते २०२३ या काळात झालेल्या देशातल्या पहिल्या व्यापक मोजणीत ७१८ हिमबिबट्यांचा अंदाज निघाला; त्यांतले ४७७ एकट्या लडाखात.

वाटणीची रेघ आता सरकू लागली आहे. हवा तापते तशी झाडोऱ्याची हद्द वर चढते, तिच्या मागोमाग बिबट्याही. हिमबिबट्याला आणखी वर जायला जागा उरते ती फक्त शिखरापर्यंत. हे संकट मोठं आहेच, पण माझ्या मते त्याहून तातडीचा प्रश्न आहे मेंढवाड्याचा.

लडाख-स्पितीत शेळ्यामेंढ्या रात्री दगडी वाड्यात कोंडतात. भिंती ठेंगण्या, वर उघडं आभाळ. हिमबिबट्या आत उडी घेतो, मेंढ्या बिथरून सैरावैरा पळतात, आणि पळणाऱ्या प्रत्येकीवर तो झडप घालत राहतो. एका रात्रीत अख्खा कळप आडवा होऊ शकतो. ज्या घराचं सगळं धन गेलं, त्यानं सकाळी संयम कुठून आणायचा? सूडापोटी हिमबिबटे मारले गेले ते यामुळेच. उपाय साधा आहे: वाड्यावर लाकडी चौकट, तीवर तारेची घट्ट जाळी आणि फट न राहणारं दार. आपले धनगर कळप बसवताना भोवती वाघर लावतात, तशीच ही जाळी, फक्त डोक्यावर.

स्पितीतल्या किब्बर गावात चारुदत्त मिश्रा आणि नेचर कॉन्झर्व्हेशन फाउंडेशनमधल्या त्यांच्या सहकाऱ्यांनी गावकऱ्यांसोबत पशुविमा सुरू केला. हप्ते गावकरीच भरतात, भरपाई कुणाला द्यायची हेही गावच ठरवतं. शिवाय गावानं आपल्या कुरणाचा एक तुकडा चराईला बंद केला आणि तिथं भरल वाढले. मला हे काम फार मोलाचं वाटतं, कारण भक्ष्य घटलं की हिमबिबट्या मेंढवाड्याकडे वळणारच.

उन्हाळ्यात लेह-काझाकडे मराठी हमखास कानावर पडते, म्हणून एक सांगायलाच हवं. छावण्या आणि हॉटेलांच्या उकिरड्यांवर पोसलेली भटकी कुत्री टोळीनं भरल आणि मेंढ्या फाडतात, हिमबिबट्यालाही त्याच्या शिकारीवरून हुसकतात. उरलेलं अन्न त्या उकिरड्यावर आपणच टाकत असतो.

दिबांगमध्ये जाळी नाही, विमा नाही. तिथं इदू मिश्मी लोकांची श्रद्धा आहे. वाघ त्यांचा थोरला भाऊ, त्याला मारणं निषिद्ध. संशोधकांना वाघ सापडले ते अभयारण्यात आणि बाहेर इदूंच्या सामाईक जंगलातही. तिथं व्याघ्र प्रकल्प करण्याचा विचार पुढे आला, तेव्हा आपल्याच रानात आपल्याला मज्जाव होईल, ही भीती त्यांनी बोलून दाखवली. ती रास्त आहे. प्रकल्पाची हद्द आखायचीच असेल, तर आधी इदूंची संमती घ्यावी, आणि नकाशावर पहिली रेघ ओढतानाही ते सोबत असावेत.