आधारसामग्री-संचाची पुनर्निर्मिती आणि विन्यास-फाइल : आंबागडच्या निमित्ताने

भंडारा जिल्ह्याच्या तुमसर तालुक्यात आंबागड हे गाव व त्याच नावाचा किल्ला आहे. जनगणनेच्या खंडांतून या गावाचा मागोवा घेऊ पाहणाऱ्या अभ्यासकापुढे प्रथम एक साधा प्रश्न उभा राहतो : हे गाव कोठे शोधावे? गाव जागचे हललेले नाही; तथापि 1951 च्या जनगणनेत ते मध्य प्रदेशात होते, 1 नोव्हेंबर 1956 रोजी द्वैभाषिक मुंबई राज्यात आले आणि 1 मे 1960 पासून महाराष्ट्रात आहे. 1 मे 1999 रोजी भंडारा जिल्ह्याचे विभाजन होऊन गोंदिया जिल्हा निराळा झाला. नावानेही गाव ओळखता येईल असे नाही. रोमन लिपीत 'आंबागड' व 'अंबागढ' अशी दोन्ही रूपे आढळतात. आणि छत्तीसगडातील अंबागढ चौकी हे तर सर्वस्वी भिन्न ठिकाण होय.

याचा परिणाम आकड्यांवर होतो. भंडारा जिल्ह्याची लोकसंख्या 1991 मध्ये सुमारे 21 लाख होती, ती 2001 मध्ये 11,36,146 झाली. केवळ जिल्ह्याचे नाव जुळवून तयार केलेल्या कोष्टकात दहा वर्षांत जवळजवळ निम्मी वस्ती नाहीशी झाल्याचे दिसेल. वास्तविक 2001 च्या आकड्यात गोंदियाचे 12,00,707 मिळवले असता बेरीज 23,36,853 येते. म्हणजे जुन्या सीमांतील लोकसंख्या वाढलेलीच आहे. कोणत्या सीमा प्रमाण मानल्या, हा निर्णय सांगितल्याशिवाय यांपैकी कोणत्याही आकड्यास अर्थ नाही.

असे निर्णय बहुधा संगणकीय आज्ञावलीच्या पोटात दडलेले असतात, अथवा ती लिहिणाऱ्याच्या स्मरणात. विद्यार्थी पदवी घेऊन गेला की निर्णयही त्याच्याबरोबर जातो. मागे राहिलेला संच कोणास पुन्हा घडवता येत नाही. यावरील उपाय म्हणजे निर्णय व कृती यांची फारकत. कृती आज्ञावलीत राहावी. निर्णय मात्र स्वतंत्र, माणसास वाचता येईल अशा फाइलीत लिहावेत. संगणकीय व्यवहारात तिला कॉन्फिगरेशन फाइल म्हणतात. येथे विन्यास-फाइल म्हणू.

आपल्या उदाहरणात या फाइलीत चार गोष्टी असाव्यात. पहिली, प्रत्येक मूळ कोष्टकाचे प्राप्तिस्थान, ते मिळवल्याची तारीख व त्याचा चेकसम. एसएचए-256 पद्धतीने काढलेली ही 64 चिन्हांची खूण मूळ फाइलीत एक अक्षर बदलले तरी बदलते. दुसरी, सीमांचा नियम : 'तुलना 1991 च्या सीमांनुसार, 2001 पासून भंडारा व गोंदिया एकत्र'. तिसरी, नामभेदांची सूची व प्रत्येक जनगणनेतील संकेतांक. चौथी, वापरलेल्या साधनांच्या नेमक्या आवृत्त्या.

संकेतांकांविषयी एक सावधगिरी आवश्यक आहे. 2001 च्या जनगणनेत भंडाऱ्याचा संकेतांक 10 आहे, 2011 मध्ये 506. दोन्ही सारख्या लांबीचे व्हावेत म्हणून कोणी पहिला 010 असा लिहिला, तर काय होईल? यामल या लेखनपद्धतीच्या 1.1 आवृत्तीप्रमाणे शून्याने आरंभ होणारी अशी संख्या अष्टमान समजली जाते व 010 चे 8 होतात. 2001 च्या यादीत 8 हा वर्ध्याचा संकेतांक आहे! कोणतीही चूक न दर्शवता संचात भंडाऱ्याच्या जागी वर्धा येईल. संकेतांक ही संख्या नसून नाव आहे, हे ओळखून तो अवतरणचिन्हांत लिहावा.

विन्यास-फाइल आज्ञावलीसह गिटसारख्या आवृत्ती-नोंदीच्या साधनात ठेवावी व प्रत्येक बदलासोबत त्याचे कारण नोंदवावे. परवलीचे शब्द आणि स्वतःच्या यंत्रावरील फोल्डरांचे पत्ते तीत कधीही नसावेत. पहिल्याने गुप्तता भंग पावते, दुसऱ्याने फाइल इतरांस निरुपयोगी होते. अखेरची कसोटी अशी : दुसऱ्या अभ्यासकाने दुसऱ्या यंत्रावर रिकाम्या फोल्डरापासून संच घडवावा आणि दोन्ही संचांचे चेकसम ताडून पाहावेत. संचात निर्मितीची वेळ लिहिली गेली, अथवा ओळींचा क्रम निश्चित केलेला नसला, तर आकडे तेच असूनही चेकसम जुळणार नाही. म्हणून क्रमाचा नियमही फाइलीत असावा.

पुनर्निर्मिती म्हणजे सत्यता नव्हे, हे मात्र विसरता कामा नये. सीमांचा नियम चुकीचा असेल तर चुकीची बेरीजही तितक्याच निष्ठेने पुन्हा येईल. फरक इतकाच की, ती चूक कोणत्या ओळीत आहे हे आता परीक्षकास बोट ठेवून दाखवता येईल, आणि ती ओळ सुधारून संपूर्ण संच नव्याने सिद्ध करता येईल. प्रबंधासोबत विन्यास-फाइल जोडण्याचा आग्रह धरावयाचा तो यासाठीच.