कीबोर्ड बदलायला धावण्याआधी हे बघा

व्हिडिओत दाखवलेलंच इथे लिहून देतोय, म्हणजे ऐन कामाच्या वेळी शोधत बसायला नको.

माझा धंदा नवीन होता तेव्हाची गोष्ट. एका गिऱ्हाइकाला संध्याकाळपर्यंत कोटेशन मेल करायचं होतं. पत्ता टाईप करायला बसलो, तर @ च्या जागी " उमटायला लागलं. कीबोर्ड गेला म्हणून बाजारात पळालो, नवीन आणला. त्यावरही तेच! कोटेशन गेलं दुसऱ्या दिवशी आणि काम गेलं दुसऱ्याकडे.

बिघाड कीबोर्डात नव्हताच. विंडोजमध्ये मांडणी 'इंग्लिश यूके' झाली होती. त्यात या दोन चिन्हांच्या जागा उलट असतात. आपल्याकडे मिळणारे कीबोर्ड बहुतेक यूएस मांडणीचे. विंडोजचं बटण आणि स्पेसबार एकत्र दाबा, यादीतून 'इंग्लिश इंडिया' किंवा 'यूएस' निवडा. यादीत नसेल तर सेटिंग्जमध्ये 'टाइम अँड लँग्वेज'मधून आधी ती भाषा जोडून घ्या.

दोष कुठे आहे हे ओळखायचं कसं? विंडोज, कंट्रोल आणि ओ एकत्र दाबा. स्क्रीनवर कीबोर्ड येईल. त्यावरची चिन्हं तुमच्या बटणांवर छापलेल्या चिन्हांशी जुळत नसतील तर मांडणी बदललीय. चिन्हं जुळतात, माउसने क्लिक केलं की अक्षर येतं, पण बोटाने दाबलं की येत नाही? मग ते बटणच खराब आहे.

आता सगळ्यात महागात पडणारी गोष्ट: फिल्टर कीज. विचार करत उजवं शिफ्ट 8 सेकंद दाबून ठेवलं की हे चालू व्हायचा संदेश येतो आणि आपण न वाचताच 'येस' म्हणतो. मग पटकन दाबलेलं अक्षर उमटत नाही, लागोपाठ दोनदा दाबलेलं एकदाच घेतलं जातं. बँक खात्याच्या नंबरात दोन शून्यं असतील तर एकच पडेल. 50,000 चे 5,000 होतील, बिल गिऱ्हाइकाच्या हातात गेल्यावर कळेल! सेटिंग्जमध्ये 'ॲक्सेसिबिलिटी', मग 'कीबोर्ड' इथे जाऊन ते बंद करा. शिफ्ट 5 वेळा दाबल्यावर येणारं स्टिकी कीजही तिथेच बंद होतं.

उजवीकडचे आकडे उमटत नसतील तर नम लॉक दाबा. काही छोट्या लॅपटॉपवर उलटं होतं, जे, के, एल दाबलं की 1, 2, 3 येतात. तिथे नम लॉक बंद करायचं.

मराठी पत्र गिऱ्हाइकाकडे उघडल्यावर भलतीच इंग्रजी अक्षरं दिसतात का? तुम्ही जुन्या फॉन्टमध्ये टाईप केलंय, तो त्यांच्याकडे नाही. युनिकोडमध्येच टाईप करा. जुनी फाईल पाठवायचीच असेल तर पीडीएफ करून पाठवा.

आणि लॅपटॉपवर चहा सांडला तर 'चालतोय का बघू' असलं काही करू नका. लगेच बंद करा, चार्जर काढा, दुरुस्तीवाल्याकडे न्या. डेस्कटॉपचा कीबोर्ड असेल तर नुसती वायर काढा, उलटा करून वाळू द्या. दुकानात एक साधा यूएसबी कीबोर्ड जादा ठेवा, तो लॅपटॉपलाही चालतो.