रात्रपाळीचा कारागीर आणि झोपेचा हिशेब

यंत्रमागाच्या धंद्यात सुताचा भाव, विजेचे बिल, सुट्या भागांचा खर्च, मजुरी या सर्वांचा हिशेब ठेवला जातो. कारागिराच्या झोपेचा हिशेब मात्र कोणत्याही वहीत नसतो. झोप ही ज्याच्या त्याच्या घरची बाब, असे मानण्याची आपल्याकडे रीत आहे. आमच्या मते ती धंद्याचीच बाब आहे. मालेगाव, भिवंडीसारख्या गावांत आपल्या समाजातील हजारो घरांची चूल मागावर पेटते. तिथे या प्रश्नाकडे डोळेझाक करणे मालकाला परवडणारे नाही आणि मजुरालाही नाही.

बहुतेक ठिकाणी माग बारा-बारा तासांच्या दोन पाळ्यांत चालतात. सहा दिवस धरले तर आठवड्याचे ७२ तास झाले. १९४८ च्या कारखाना कायद्याने आठवड्याला ४८ तासांची मर्यादा घातली होती. परंतु पत्र्याच्या लहान लहान शेडमध्ये विखुरलेल्या या धंद्यापर्यंत ती कधी नीट पोहोचलीच नाही. मजुरी तासावर नसून विणलेल्या कापडावर असते, म्हणून कारागीरही तास कमी करा असे म्हणत नाही. बारा तास कामाचे गेले, दोन-अडीच तास येणे-जाणे, आंघोळ आणि जेवणाचे गेले. मग बाजार, दवाखाना, मुलांची शाळा, नात्यातले लग्न. यातून उरेल ते झोपेचे.

प्रौढ माणसाला रोज किमान सात तास झोप हवी, असे अमेरिकेतील निद्रातज्ज्ञांच्या संस्थांनी २०१५ साली एकमताने सांगितले. रात्रपाळी करून दिवसा झोपणाऱ्याला साधारणतः पाच-सहा तासांच्या वर झोप लागत नाही. कारण शरीरात एक घड्याळ आहे आणि ते पाळीच्या भोंग्यावर चालत नाही, उजेड-अंधारावर चालते. हे घड्याळ पेशींच्या आत कसे चालते, हे शोधून काढणाऱ्या हॉल, रॉसबॅश आणि यंग या तीन अमेरिकी शास्त्रज्ञांना २०१७ चे नोबेल पारितोषिक मिळाले. अंधार पडला की मेलॅटोनिन नावाचे द्रव्य शरीरात वाढते व झोपेची तयारी होते. सकाळचे ऊन डोळ्यांवर पडले की ते उतरते. रात्रपाळी सुटल्यावर कारागीर घराकडे चालू लागतो ते नेमके त्याच उन्हातून. वर घर म्हणजे पत्र्याचे छप्पर, खाली मुलांचा गलका आणि शेजारी दुसऱ्याचे माग. भिवंडीत परगावचे मजूर दाटीवाटीने खोली भाड्याने घेतात. दिवसपाळीवाला उठला की त्याच जागेवर रात्रपाळीवाला आडवा होतो. अशा झोपेला झोप म्हणायचे ते नाइलाजाने.

याची किंमत पहाटे दिसते. तीन ते पाचच्या सुमारास शरीराचे तापमान सर्वांत खाली असते आणि सावधपणाही. माणूस उघड्या डोळ्यांनी काही क्षण झोपून जातो आणि त्याला ते कळतही नाही. साध्या मागावर आडवा धागा तुटला तर माग आपोआप थांबतो. पण उभा, म्हणजे ताण्याचा धागा तुटला तर बऱ्याच जुन्या मागांना त्याचा पत्ता लागत नाही. धोटा धावत राहतो, कापड निघत राहते आणि त्यात लांबच लांब रेघ पडत जाते. ती पाहणे हे कारागिराच्या डोळ्यांचे काम, आणि त्या डोळ्यांसमोर एकाच वेळी सहा-आठ माग असतात. पुढे व्यापारी तो माल खराब म्हणून कमी भावात घेतो आणि मालक ती तूट मजुरीतून कापतो. भांडण होते ते कारागिराच्या कामचुकारपणावरून. झोपेचा विषय निघत नाही. बोट पट्ट्यात सापडले, तरी निष्काळजीपणा म्हणूनच त्याची वासलात लावली जाते.

‘मला सवय झाली आहे, पाच तासांत भागते’ असे सांगणारे पुष्कळ भेटतात. त्यांनी २००३ साली प्रसिद्ध झालेला पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातील प्रयोग ऐकावा. निरोगी माणसांना दोन आठवडे रोज सहा तास किंवा त्याहून कमी झोपू दिले. अखेरीस त्यांचे लक्ष इतके घसरले की एक-दोन रात्री अजिबात न झोपलेल्या माणसासारखी त्यांची गत झाली. विशेष म्हणजे आपण इतके ढिले पडलो आहोत, हे त्यांचे त्यांना जाणवत नव्हते. सवय होते ती पेंगुळण्याची. काम काही सुधारत नाही. शरीराचे घड्याळ बिघडवणारी पाळी कर्करोगाला बहुधा कारण ठरते, असे जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २००७ मध्ये नोंदवले आणि २०१९ च्या फेरतपासणीत रात्रपाळीबाबत तोच निर्वाळा कायम ठेवला.

आपल्याला ही गोष्ट नवी वाटू नये. सूरह नबामध्ये झोपेचा विश्रांती म्हणून, रात्रीचा आच्छादन म्हणून आणि दिवसाचा उपजीविकेसाठी म्हणून लागोपाठ उल्लेख आला आहे. दिवसभर रोजा आणि रात्रभर नमाज अशी स्वतःवर सक्ती करून घेणाऱ्या हजरत अब्दुल्लाह बिन अम्र (रजि.) यांना प्रेषितांनी (स.) शरीराचाही हक्क असतो, याची आठवण करून दिली, ही हदीस बुखारी शरीफमध्ये आहे. इबादतीसाठीही जो हक्क बुडवू नये, तो कापडाच्या चार वाढीव मीटरसाठी कसा बुडवता येईल? कैलूला, म्हणजे दुपारची वामकुक्षी, ही तर सुन्नतच. दुपारी शरीराचे घड्याळ पुन्हा थोडे मंदावते, हे आज शास्त्रही सांगते. वीस मिनिटे पुरेत. तासभर गाढ झोपून मधेच उठले की डोके जड होते आणि माणूस आणखी चिडचिडा होऊन गल्ल्यावर बसतो. हे दुकानदार बंधूंनीही लक्षात घ्यावे.

आता उपायाचे बोलू. कारागिराने पाळी सुटताच घरी येऊन झोपावे. हॉटेलात चहा घेत आणि मोबाईल पाहत नऊ वाजवू नयेत. येताना टोपी पुढे ओढून घ्यावी, काळा चष्मा असेल तर उत्तम. खिडकीला जाड गोधडी टांगावी, कानात कापूस घालावा. चहातील उत्तेजक द्रव्य निम्मे उतरायलाच सुमारे पाच तास लागतात. म्हणून पाळीच्या पहिल्या निम्म्या भागात चहा घ्यावा, पहाटेचा टाळावा. तंबाखूने झोप जाते म्हणून ती तोंडात धरणारे पुष्कळ आहेत. ती सकाळीही झोप येऊ देत नाही आणि पुढे तोंडाचा रोग देते तो वेगळाच. घरच्यांनीही समजून घ्यावे. दुपारी बाराला ‘उठा, गॅस संपला’ म्हणून हलवणे म्हणजे आपण रात्री दोनला कोणाला उठवण्यासारखे आहे. जोराने घोरणारा आणि पुरेसे झोपूनही दिवसभर पेंगणारा असेल, तर त्याला डॉक्टरकडेच न्यावे.

परंतु गोधडी आणि कापूस यांनी बारा तासांची पाळी आठ तासांची होत नाही. खरी किल्ली मालकाकडे आहे. आठवड्याला दिवस-रात्र पाळी बदलण्याची पद्धत सर्वांत वाईट, कारण शरीर रात्रीला थोडेफार जुळते तोच ते पुन्हा उलटे फिरवले जाते. कारागिरांशी बोलून पाळी महिन्याने बदलावी. मालेगावात शुक्रवारी माग बंद असतात. त्या सकाळी रात्रपाळी सुटलेल्याने जुम्याच्या आधी तीन-चार तास झोपून घ्यावे आणि रात्री इशानंतर लगेच झोपावे. म्हणजे दिवसपाळी सोपी जाते. रमजानमध्ये तरावीह आणि सहरी यांच्यामध्ये झोप तुटते. तेव्हा फजरनंतर झोप घेता येईल, अशा बेताने त्या महिन्यापुरत्या पाळीच्या वेळा सरकवणे कठीण नाही.

रात्री दोन ते चारच्या दरम्यान आळीपाळीने अर्धा तास पाठ टेकू द्यावी आणि तेवढ्यापुरता बदली कारागीर मागावर उभा करावा, हे सुचवले की मालक हसतात. त्यांना आमचे सांगणे एवढेच की, महिनाभर एक वही ठेवावी. खराब कापड किती मीटर निघाले आणि ते रात्री किती वाजता निघाले, हे तीत लिहावे. महिन्याच्या शेवटी त्या रकान्यासमोर बदली कारागिराच्या अर्ध्या अर्ध्या तासाची मजुरी मांडून पाहावी.