समन्वयात्मक समुपदेशन
मानसचिकित्सेच्या एकाच संप्रदायास बांधून न घेता, विविध उपपत्ती व तंत्रे यांचा सल्लार्थीच्या, म्हणजे समुपदेशन घेणाऱ्या व्यक्तीच्या, गरजेनुसार सुसंगत उपयोग करणारी पद्धती. मनोविश्लेषण, वर्तनोपचार, बोधात्मक उपचार व मानवतावादी उपचार हे तिचे प्रमुख आधार होत.

विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात मनोविश्लेषण व वर्तनवाद हे परस्परविरोधी मानले जात. तथापि भिन्न पद्धतींच्या यशामागे काही समान घटक असावेत, असे सॉल रोझेन्झ्वाइग या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने १९३६ साली प्रतिपादन केले. जॉन डॉलर्ड व नील मिलर यांनी १९५० मध्ये फ्रॉइडच्या संकल्पनांची अध्ययन-उपपत्तीच्या परिभाषेत मांडणी केली. पॉल वॉक्टेल यांच्या १९७७ मधील ग्रंथाने मनोविश्लेषण व वर्तनोपचार यांच्या समन्वयास सैद्धांतिक बैठक दिली. या विषयाच्या अभ्यासकांची आंतरराष्ट्रीय संस्था १९८३ मध्ये स्थापन झाली.

समन्वयाचे मुख्य मार्ग तीन आहेत. पहिल्यात उपपत्तींच्या वादात न शिरता उपयुक्त तंत्रे निवडली जातात. आर्नल्ड लाझारस यांनी यासाठी वर्तन, भावना, संवेदना, प्रतिमा, बोधन, परस्परसंबंध व जैविक स्थिती अशा सात अंगांनी सल्लार्थीचा विचार केला. दुसऱ्यात दोन वा अधिक उपपत्ती एकत्र सांधल्या जातात. तिसऱ्यात सर्व पद्धतींना समान असलेल्या विश्वास, आशा, सहानुभूती इ. घटकांवर भर असतो.

सभेत बोलण्याची तीव्र भीती असलेल्या व्यक्तीचे उदाहरण घेता येईल. वर्तनोपचारात तिच्याकडून क्रमाक्रमाने बोलण्याचा सराव करून घेतला जातो. बोधात्मक उपचारात ‘चुकलो तर सर्व संपले’ यासारखी समजूत तपासली जाते. मनोविश्लेषणात बालपणीच्या कठोर टीकेचा शोध घेतला जातो. वॉक्टेल यांच्या मते भूतकाळातील संघर्ष वर्तमानातील वर्तनामुळेच टिकून राहतो : टाळण्यामुळे कौशल्य वाढत नाही व भीती दृढ होते. म्हणून अंतर्दृष्टी व सराव परस्परपूरक ठरतात.

मात्र तंत्रांची सरमिसळ म्हणजे समन्वय नव्हे. आज्ञापालनाची सवय जडलेल्या सल्लार्थीस सरावाचा पाठ दिल्यास समुपदेशकही त्याला आणखी एक अधिकारी वाटू शकतो. पाठ पुरा होतो, पण मूळ दबलेपण तसेच राहते. तंत्राचा अर्थ असा परस्परसंबंधावर अवलंबून असतो. उद्दिष्टांविषयी एकमत, कार्यांविषयी एकमत व आपुलकीचा बंध ही उपचार-सहकार्याची तीन अंगे एडवर्ड बॉर्डिन यांनी १९७९ मध्ये सांगितली. त्यांना अनुसरून समुपदेशक तंत्र बदलण्यामागील कारण सल्लार्थीस सांगतो, त्याची संमती घेतो व परिणामांचा वेळोवेळी आढावा घेतो. आत्महत्येचा धोका किंवा तीव्र मनोविकृतीची लक्षणे आढळल्यास मनोविकारतज्ज्ञाचे साहाय्य आवश्यक असते. अनेक पद्धतींचे सखोल प्रशिक्षण नसल्यास या पद्धतीतील लवचिकपणाचे रूपांतर दिशाहीनतेत होण्याचा संभव असतो.