आजीचा आवाज आणि कळफलक

काळी व्याघ्र प्रकल्पाच्या जंगलातलं आमचं अणशी. गेल्या दिवाळीत तिथे आजीला बोलतं केलं. पाऊस, शेत, कणगी, सुरण… 40 मिनिटांचं चित्रण झालं. मंडळाच्या कार्यक्रमासाठी त्यातली 6 मिनिटं हवी होती. माउसने कापता कापता दोन रात्री गेल्या; वर आजी पावसाबद्दल बोलते आणि पडद्यावर सुरण!

मग दाविंची रिझॉल्व्हमध्ये नीट मांडणी केली. आजीचं बोलणं एका ट्रॅकवर, जंगलाची दृश्यं वरच्या ट्रॅकवर. दृश्यं बदलताना आजीच्या ट्रॅकला कुलूप लावायचं, म्हणजे कंट्रोल-बीने कापताना तिचा आवाज कापला जात नाही. नको असलेलं दृश्य बॅकस्पेसने काढलं तर जागा रिकामी राहते. डिलीट दाबलं तर पुढचं सगळं मागे सरकतं. माझा घोळ इथेच होत होता.

पाहताना एल म्हणजे पुढे, जे म्हणजे मागे, के म्हणजे थांबा. एल दोनदा दाबलं की दुप्पट वेग. तिसऱ्या रात्री काम संपलं.

फक्त एक चूक झाली. आजोबांचा विषय निघाल्यावर आजी क्षणभर गप्प होते. दुप्पट वेगात ती जागा फुकट वाटली, मी उडवली. साध्या वेगात ऐकलं आणि लगेच कंट्रोल-झेड दाबलं.

तुम्हीही घरच्या मोठ्यांचं बोलणं टिपून ठेवा. कापाकापी भरभर करा. पण शेवटी एकदा सगळं साध्या वेगात ऐका.